उंबराचं फूल

तिसऱ्या दिवशीही पहाटे साडेचारलाच कॅमेरे आणि लेन्स खोलीतून काढून व्हरांड्यात आणून ठेवल्या. वर्षावनात काम करणाऱ्याला ही सवय लावून घ्यावीच लागते. एसीच्या खोलीतली गार काच बाहेरच्या दमट हवेत नेली की तिच्यावर लगेच दव धरतं. पुसलं की पुन्हा धरतं, आणि ज्याच्यासाठी आलो ते जनावर तेवढ्यात निघून जातं. बाहेरून धरलेली वाफ निदान जाते तरी. आत शिरलेली ओल मुरली की काचेवर बुरशीचं जाळं पसरतं आणि लेन्स कायमची अधू होते. म्हणून रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा डबा आणि पहाटे व्हरांडा, हा माझा नेम.

जागा होती बोर्निओ बेटाच्या उत्तरेला, मलेशियाच्या सबाह राज्यातली डॅनम व्हॅली. 438 चौरस किलोमीटरचं राखीव जंगल, आणि त्यातल्या बहुतेक भागावर कधी कुऱ्हाड चाललेली नाही. याच खोऱ्यात 100.8 मीटर उंचीचं पिवळ्या मेरांतीचं झाड मोजलं गेलं आणि 2019 मध्ये त्याची बातमी जगभर गेली. असे वृक्ष जिथे आहेत तिथे फोटो काढायचा म्हणजे विहिरीच्या तळाशी बसून काठावरच्या पाखराचा फोटो काढण्यासारखं आहे. वरच्या उन्हातला शंभरातला एखाद-दुसरा भागच जमिनीपर्यंत पोचतो. जो पोचतो तोही पानांतून गाळून आलेला, हिरवट. त्या उजेडात माणसाचा चेहरासुद्धा आजारी दिसतो.

काम ओरांगउटानचं होतं. ठरलेलं असं, की फळांनी लगडलेलं एक झाड निवडायचं, त्याच्यावर कोण कोण येतं ते टिपायचं, आणि त्यात ओरांगउटान हवाच. झाड आमच्या वाटाड्यांनी शोधून ठेवलं होतं. साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे गृहस्थ. झाड वडाच्या गोतातलं, दुसऱ्याला वेढून वाढणारं. एखाद्या पक्ष्याच्या विष्ठेतून बी उंच फांदीच्या बेचक्यात पडतं, तिथेच रुजतं, मुळं दोरासारखी खाली सोडतं. ती जमिनीला लागली की जाड होत जातात, एकमेकांना चिकटतात, आणि बऱ्याच वर्षांनी आतलं मूळ झाड मरून कुजून जातं. आमच्या झाडाच्या मुळांच्या जाळीत मी आत शिरून उभा राहिलो होतो. वर पाहिलं तर पोकळ मनोऱ्यासारखा अंधार, आणि ज्या झाडाच्या आधाराने हा उभा राहिला त्याचा भुसाही उरलेला नव्हता.

पहिले दोन दिवस धनेश आले. इथल्या मोठ्या धनेशाच्या चोचीवर गेंड्याच्या शिंगासारखा वर वळलेला लालभडक उंचवटा असतो. तो दिसायच्या आधी ऐकू येतो. पंखांचा आवाज धापा टाकत वर चढणाऱ्या इंजिनासारखा. चांगले फोटो मिळाले. ओरांगउटान मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी गिबनांची, म्हणजे इथल्या लांब हातांच्या वानरांची, हाक थांबून बराच वेळ झाला होता. सात चाळीसला वाटाड्यांनी माझ्या कोपराला नुसता स्पर्श केला. पलीकडच्या झाडाचा अख्खा शेंडा वाकत होता आणि वारा तर नव्हता. मग लालसर लांब केस, एक हात, मग कडेला चिकटलेलं पोर. मादी होती. या जातीची मादी सात-आठ वर्षांतून एकदा विते, म्हणजे त्या कडेवरच्या जीवात तिच्या आयुष्याचा केवढा वाटा असेल! ती सावकाश आमच्या झाडावर आली, एका फांदीत बसली आणि ओठ पुढे काढून फळं तोडू लागली.

आता फोटोचं सांगतो. ती साधारण पस्तीस मीटरवर, तिच्यामागे पांढरंफटक आभाळ. कॅमेऱ्याला आभाळच दिसतं आणि जनावर काळं पडतं. कॅमेऱ्यात उजेड दोन स्टॉप, म्हणजे चौपट, वाढवला, तर आभाळ जळून गेलं आणि केसांच्या कडा त्यात विरघळल्या. 600 मिलिमीटरच्या लेन्समधून मला दिसत होती हनुवटी, पायाचे तळवे आणि एक बूड. खालून वर काढलेला ओरांगउटानचा फोटो असाच येतो. मी जागा बदलली. मग पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा सरळ तिच्या खाली, जिथून पानांमागे गडद खोड येत होतं तिथे जाऊन उभा राहिलो.

ते चुकलं, आणि ते माझ्याकडूनच चुकलं. वरून मुक्यासारखा, ओठ आवळून काढलेला चक्-चक् आवाज आला. ती खायची थांबली होती. पोर छातीशी ओढलेलं. वाटाडे हळूच म्हणाले, "मागे या. ती सांगतेय." मी अजून दोन फ्रेम घेण्याइतका थांबलो. तेवढ्यात कडाकडा आवाज झाला आणि मनगटाएवढी फांदी, पानाफळांसकट, आमच्यापासून चार-पाच पावलांवर येऊन आपटली. तिने मोडून टाकली होती.

आम्ही तीस मीटर मागे गेलो, कॅमेरे खाली ठेवले आणि बसून राहिलो. दहा मिनिटांनी तिचं खाणं पुन्हा सुरू झालं, मगच मला श्वास मोकळा वाटला. पिल्लू असलेल्या मादीचं खाणं थांबवून मिळवलेला फोटो मला कुठेही छापायचा नाही. त्या दोन जास्तीच्या फ्रेम मी त्याच रात्री पुसल्या. साडेआठच्या सुमारास ती आपणहून पलीकडे निघून गेली.

मग आम्ही ती पडलेली फांदी पाहायला गेलो.

फळं सुपारीएवढी, काही पिकून लाल झालेली, बरीचशी अजून हिरवट पिवळी. पडताना एक फळ फुटून त्याची दोन भकलं झाली होती. मी ते उचलून डोळ्यांजवळ नेलं. आतली भिंत शेकडो बारीक दाण्यांनी भरलेली, आणि दाण्यांवरून मधाच्या रंगाचे, बिनपंखांचे, मुंगीच्याही निम्म्याने लहान जीव लगबगीने फिरत होते.

आपल्या भाषेत दुर्मीळ माणसाला ‘उंबराचं फूल’ म्हणतात, आणि उगाच खोलात शिरून नको ते उकरून काढण्याला ‘उंबर फोडून केंबरं काढणं’. दोन्ही म्हणी लहानपणापासून ऐकलेल्या. पण त्या एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत हे मला त्या क्षणापर्यंत असं डोळ्यांनी दिसलं नव्हतं. वड, पिंपळ, उंबर आणि बोर्निओतलं हे झाड, सगळे एकाच फायकस कुळीतले, आणि या सगळ्यांची फुलं फळाच्या आतच असतात. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आत वळलेली, तोंड मिटलेली फुलांची परडी आहे. त्या भिंतीवरचा एकेक दाणा म्हणजे एकेक फूल. आणि त्या फुलांना फळवणारी जी माशी, तीच केंबरं.

मादी परागकण घेऊन येते आणि फळाच्या टोकाच्या खवल्याखवल्यांच्या दारातून आत घुसते. दार इतकं अरुंद की तिचे पंख तिथेच तुटून पडतात. आत ती फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी तिची पोरं तयार होतात. नर आधी बाहेर पडतात, तेही फुलातून फळाच्या पोकळीतच. त्यांना पंख नसतात, डोळेही जेमतेम. माद्या अजून आपापल्या फुलात बंद असतात. नर फुलाला भोक पाडून तिथेच त्यांच्याशी जुगतात, आणि मग सगळे मिळून फळाची भिंत आतून कुरतडून बाहेर जाणारी वाट खोदतात. त्या वाटेने माद्या उडून जातात, अंगावर नवे पराग घेऊन. त्यानंतर फळ मऊ पडतं, गोड होतं. धनेश, गिबन, ओरांगउटान यांची पाळी येते ती त्यानंतर. एका झाडाची फळं साधारण एकदम पिकतात, पण दोन झाडांचा हंगाम सहसा जुळत नाही. म्हणून या केंबरांना बाराही महिने कुठेतरी दार उघडं मिळतं, आणि बाकीचं जंगल फळांविना असलं तरी जनावरांना कुठेतरी चारा मिळतो.

हे सगळं वाचलेलं होतं. पण त्या फुटलेल्या फळात नर आपली कामं अर्धवट सोडून उघड्यावर सैरावैरा पळत होते आणि माद्या अजून कोंडलेल्या. मी त्याचे चार-सहा फोटो घेतले आणि मला ते आवडले नाहीत. फोडलेल्या उंबराचे फोटो होते ते. वाटाडे फांदीवरची न फुटलेली फळं एकेक करून, हात न लावता, वाकून बघत होते. एका हिरवट पिवळ्या फळाशी ते थांबले. "हे आजच उघडेल," म्हणाले. त्यांना कशावरून कळलं विचारलं तर बोटाने दाखवलं: सालीवर बाजरीच्या दाण्याएवढा एक डाग, आजूबाजूपेक्षा किंचित गडद. आतून कोणीतरी साल पातळ करत आणली होती.

नऊच्या सुमारास मी ताडपत्री अंथरून पोटावर आडवा झालो. एकपट ते पाचपट मोठं करून दाखवणारी मॅक्रो लेन्स लावली. पाचपटीला अख्ख्या चौकटीत जेमतेम सात मिलिमीटर रुंदी मावते, आणि त्यातही स्पष्ट दिसतो तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचा काप. नाडीच्या ठोक्यानेही फोकस हलतो. फांदी हलवायची नव्हती, म्हणून दोन दगड लावून ती आहे तशीच टेकवली आणि कॅमेऱ्याखाली तांदळाची छोटी पिशवी ठेवली. केंबराचं अंग लकाकतं, त्यावर उघडा फ्लॅश मारला की नुसता पांढरा ठिपका येतो. म्हणून फ्लॅशपुढे दुधी प्लास्टिकचा वाकवलेला पत्रा, फळाच्या अगदी जवळ. तोंडावर रुमाल बांधला, कारण माझाच श्वास काचेवर धरत होता.

मग वाट पाहणं. जळवांचे मोजे गुडघ्यापर्यंत चढवलेले, तरी एक मानेवर चढलीच. पट्ट्यापट्ट्यांची जळू चावते तेव्हा कळतं, साधी तपकिरी कळूही देत नाही. वाटाडे मधूनमधून माझ्या पाठीवरच्या उचलून बाजूला टाकत. समोरच्या पाचोळ्यातून मुंग्यांची एक रांग फांदीच्या बुंध्याशी चाचपडत होती. अकराला आभाळ भरून आलं, उजेड इतका कमी झाला की फोकससाठी छोटा टॉर्च लावावा लागला. बाराच्या पुढे डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की सगळं दुहेरी दिसायला लागलं.

सव्वाला डागाच्या मध्यावर एक टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलं. त्यातून काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. जबडे होते. फक्त जबडे, आणि त्यांच्यामागे मधाच्या रंगाचं डोकं. छिद्राची कड कुरतडून ते मागे गेलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं. ते पाळीपाळीने खणत होते. मी दर वेळी कॅमेरा केसभर पुढे-मागे डोलवत, कड स्पष्ट आली की बटण दाबत होतो. वीस मिनिटं हे चाललं. मग छिद्रात एकदम काळं काही भरलं. मादी. नरापेक्षा अगदी वेगळी: काळी, चकचकीत, अंगाला घट्ट चिकटलेले ओले पंख. ती अर्धी बाहेर आली आणि कडेवर थांबली. पाचपटीत मला तिच्या अंगावर, पायांच्या खोबणीत फिकट पिवळे कण दिसले. पराग. उंबराचं फूल फळाबाहेर आलेलं दिसतं ते एवढंच.

तिने पुढच्या पायांनी पंख सरळ केले. तेवढ्या अवधीत मला अकरा फ्रेम मिळाल्या. त्यांतल्या दोनच नीट, आणि एकीत डोळा, पराग आणि छिद्राची कुरतडलेली कड तिन्ही एका रेषेत. मग ती नव्हती. उडताना दिसलीच नाही. तिच्यामागे दुसरी, तिसरी, मग मोजता येईनात. वाटाड्यांनी टॉर्च वर धरला तेव्हा प्रकाशाच्या पट्ट्यात धुळीसारखं काहीतरी सरळ वर, शेंड्यांकडे जाताना दिसलं. वर वारा असतो. तो त्यांना मैलोन्‌मैल नेतो, आणि त्यांच्याकडे वेळ असतो तो एखाद-दोन दिवसांचा.

पावसाचे पहिले थेंब वरच्या पानांवर पडल्याचा आवाज आला. खाली पोचायला अजून काही मिनिटं होती. वाटाडे म्हणाले, "बॅग भरा." मी लेन्सवर झाकण घालणार एवढ्यात छिद्रातून शेवटी एक नर बाहेर आला. मादीसारखा थांबला नाही, त्याला सावरायला पंखच नव्हते. कडेवरून घसरून पाचोळ्यावर पडला आणि उलटा पडून पाय हलवत राहिला. रांगेतल्या मुंगीने त्याला उचललं तेव्हा तो फ्रेममध्ये होता. मी बटण दाबलं, आणि मग पाऊस आला.