शेवटचा झटका कधी आला होता?

मला लहानपणापासून अ‍ॅबसन्स प्रकारचे, म्हणजे क्षणभर भान हरपणारे, अपस्माराचे (फिटचे) झटके येतात. दहा-पंधरा सेकंद नजर एका जागी खिळते आणि बोलणे तुटते, असे इतर सांगतात; मला स्वतःला काहीच कळत नाही. अशा झटक्यात मेंदू किती ग्लुकोज वापरतो, हे पेट स्कॅनवर (टोचलेले किरणोत्सारी औषध शरीरात कुठे किती शोषले गेले, हे दाखवणाऱ्या चित्रावर) पाहणाऱ्या एका अभ्यासात मी नाव दिले. संमतीपत्र, रक्ततपासणी वगैरे आठवड्यात उरकले. अडले ते स्कॅनच्या दिवशी, नोंदणीच्या खिडकीवर.

अर्जात एक रकाना होता : 'शेवटचा झटका – दिनांक व वेळ'. मी 'सांगता येत नाही' असे लिहिले. अर्ज परत आला. रकाना कोरा ठेवला, तर खिडकीतल्या बाईंनी त्याभोवती लाल शाईने गोल काढला आणि विचारले, "अहो, आजार तुमचा, आणि तुम्हालाच ठाऊक नाही?" ज्या आजारात भान हरपणे हेच लक्षण, त्याची वेळ रुग्णाला विचारणे म्हणजे झोपलेल्या माणसाला 'नेमके किती वाजता घोरलात?' असे विचारणे होय. मी सहा तासांचा उपाशी होतो आणि माझ्यासाठी मागवलेल्या, ग्लुकोजसारख्या किरणोत्सारी औषधातील फ्लोरीन-१८ची किरणोत्सारिता दर ११० मिनिटांनी निम्मी होत होती. खिडकीला मात्र घाई नव्हती. अखेर तंत्रज्ञांनी बाहेर येऊन रकान्यात 'ईईजी पाहावा', म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख पाहावा, असे लिहिले व सही केली. अर्ज भरताना घरचे कोणीतरी सोबत ठेवावे, हे मला तेव्हा सुचले.

गंमत अशी की प्रश्न चुकीचा नव्हता, चुकीच्या माणसाला विचारला होता. इंजेक्शननंतर सुमारे अर्धा तास मेंदू ते औषध शोषतो आणि चित्रात त्या साऱ्या वेळेची बेरीज उमटते. त्यात एखाददुसरा झटका बुडून जातो. म्हणून ईईजीच्या तारा आधीच लावून, त्या वेळात बरेच झटके यावेत यासाठी मला जोरजोरात श्वास घ्यायला लावले. (डोक्याला तेल लावून जाऊ नये, तारा चिकटत नाहीत.) मला वाटले, एकही झटका आला नाही. तंत्रज्ञांनी पडद्यावर सेकंदाला तीन या लयीतले टोकदार तरंग दाखवले : अकरा झटके. १९८०च्या दशकातील अशाच अभ्यासात झटक्यांच्या काळात संपूर्ण मेंदूचा ग्लुकोजवापर झटके नसतानाच्या अडीच ते साडेतीन पट आढळला होता. आपण 'हरवतो' तेव्हा मेंदू एवढा राबत असतो, याचे मला नवल वाटले, थोडा अभिमानही.

निदानासाठी हा स्कॅन लागत नाही, ईईजी पुरते. आणि स्कॅनसाठी झटक्यांवरच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

झटके नसतानाच्या तुलनेच्या स्कॅनला गेलो, तेव्हा तोच अर्ज पुन्हा हाती आला. त्या रकान्यात मी अकराव्या झटक्याची वेळ सेकंदासकट लिहिली.