दुसऱ्या अंकात अडकणारं नाटक: जुन्या पीसीवरचा खटाटोप, आत्तापर्यंत

मंडळी, यंदाच्या जत्रेला आमच्या वाड्यावरच्या पोरांनी मराठी नाटक केलं आणि दुसरा अंक भाच्यानं त्याच्या नव्या मोबाइलवर घेतला, फोर-के, सेकंदाला ६० फ्रेम, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारी सोय) चालू, म्हणजे हौसेला मोल नाही. सव्वा तासाची फाइल, तीसेक जीबी. बाबांना बघायची होती कारण तबल्यावर त्यांचा शिष्य बसलेला. माझा पीसी २०१४ चा, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि आम्ही गोव्यातल्या डिचोलीकडचे, त्यामुळे कॅबिनेटच्या आत खाणीची तांबडी धूळ किती असेल ते इकडच्यांना सांगायला नको.

प्ले केलं तर नायिका हात वर करते आणि हात तिथंच राहतो, गाणं पुढं चाललंय. भाचा म्हणतो मामा, पेनड्राइव्ह स्लो आहे तुझा. मला तेव्हाच पटलं नव्हतं. सर्वसाधारणपणे डिस्क मागं पडली की चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात, इथं आवाज बिनधास्त चालू होता, म्हणजे फाइल येतेय पण उलगडत नाहीय. शिवाय हिशेब करा ना, मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बिटरेट ५५ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) आसपास, ८ नं भागलं की सेकंदाला सात एमबी पण होत नाही, तेवढं तर जुना यूएसबी २.० चा पेनड्राइव्ह पण देतो. तरी भाच्याच्या समाधानासाठी फाइल एसएसडीवर टाकून बघितली, काडीचा फरक नाही.

मग एमपीव्ही हा प्लेअर लावून शिफ्ट आणि आय दाबलं, त्यात सगळी कुंडली दिसते. कोडेक (व्हिडिओ दाबून बसवायची पद्धत) एचईव्हीसी, १० बिट, हार्डवेअर डिकोडिंग नाही म्हणजे उलगडायचं काम चिपमधला खास भाग करत नाहीय, ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडा टॅक्सीच्या मीटरसारखा पळतोय, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्के. आता गंमत बघा, एचईव्हीसीचं स्टँडर्ड आलं २०१३ मध्ये, म्हणजे माझा सीपीयू ज्या पिढीचा ती पण त्याच वर्षी बाजारात आलेली, त्यामुळे १० बिट एचईव्हीसी उलगडायची सोय त्या चिपमध्ये असणार कुठून. ती इंटेलच्या सातव्या पिढीपासून नीट आली. एच.२६४ हा जुना कोडेक तो आरामात खेळवतो. तेव्हा व्हीएलसीत हार्डवेअर डिकोडिंगचं बटण चालू-बंद करून मी जो अर्धा तास घालवला तो फुकट, नसलेली गोष्ट चालू कशी होणार.

जीटी १०३० सारखं छोटं कार्ड टाकायचा विचार आला, तीसेक वॉटचं असतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, १० बिट एचईव्हीसी खेळवतं. पण एवी१ हा नवा कोडेक त्याला जमत नाही, आणि पुढच्या वर्षी भाचा काय आणेल देव जाणे. म्हणून तूर्त ठरवलं की मूळ फाइल तशीच जपून ठेवायची आणि बघण्यासाठी १०८०पी एच.२६४ कॉपी एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅमनं काढायची, रात्री लावून झोपायचं.

सकाळी बघतो तर कॉपी अर्धीच, कारण पावसात लाइट गेली आणि यूपीएसनं दहा मिनिटांत मान टाकली. जेवढी झाली तेवढी लावली तर रंग पाण्यात भिजवल्यासारखे, नायकाचं पितांबर साबूदाण्याच्या खिरीसारखं. ही चूक माझी. मोबाइलचं रेकॉर्डिंग एचएलजी या प्रकारचं एचडीआर होतं, एमपीव्ही खेळवताना ते आपोआप साध्या स्क्रीनला जुळवून घेतं पण एफएफएमपेगला आपण सांगावं लागतं. झेडस्केल आणि टोनमॅप हे फिल्टर लावले, पितांबर परत पिवळं झालं. एक मात्र सांगतो, रंगमंचावर आडवे काळे पट्टे सरकतायत ते कशानंच जाणार नाहीत, तो प्लेबॅकचा दोषच नव्हे. आपली लाइन ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजेड-अंधार करते आणि मोबाइल ६० वर मोजतोय, जुळणार कसं. पुढच्या जत्रेला शटर १/१०० वर लॉक कर म्हणून भाच्याला आत्ताच सांगून ठेवलंय.

दुसऱ्या रात्री परत लावलं. यावेळी जागा होतो म्हणून कळलं, पहिली वीस मिनिटं बरा वेग, मग एकदम निम्म्यावर. तापमान ९८ डिग्री! म्हणजे सीपीयू स्वतःला वाचवायला वेग कमी करत होता. उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांत धुळीची अशी गादी बसलेली, आपल्या दमट हवेनं ती लिंपल्यासारखी चिकटलेली, ब्लोअरनं उडेना, शेवटी पंखा काढून ब्रशनं खरवडली. थर्मल पेस्ट वाळून खडू. पेस्ट बदलल्यावर पूर्ण लोडला ७१. आता बघा, मूळ फाइल पहिल्याच सेकंदाला अडकत होती आणि बाकीचे व्हिडिओ वीस मिनिटांनी अडकायचे, आणि मी महिनाभर दोन्हीला एकच आजार समजत होतो.

तर कॉपी झाली, बाबांना खुर्चीत बसवलं, त्यांचा आवडता ब्लूटूथ स्पीकर लावला. दोन मिनिटं झाली नाहीत तोच म्हणाले, "हात पयलीं पडटा, आवाज मागीर येता." (हात आधी पडतो, आवाज नंतर येतो.)

मला काहीच दिसत नव्हतं हो! पण पन्नास वर्षं तबला वाजवलेल्या माणसाशी वाद कोण घालणार. वायरचे स्पीकर लावले, म्हणाले आता बरोबर. ब्लूटूथ आवाज पाठवताना शंभर-दोनशे मिलीसेकंद सहज खातं, व्हीएलसीत जे आणि के या बटणांनी ५०-५० मिलीसेकंदांनी आवाज मागंपुढं करता येतो, चार टिचक्यांत जुळलं. एरवी आवाज मागून आलेला आपण बराच खपवून घेतो, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या हिशेबानं आवाज पुढं गेला तर ४५ मिलीसेकंदांतच जाणवतो आणि मागं राहिला तर १२५ पर्यंत कळत नाही. साहजिकच आहे म्हणा, मांडवात शेवटच्या रांगेत ३४ मीटरवर बसलेल्याला थाप एक दशांश सेकंद उशिराच ऐकू येते, त्याची आपल्या कानाला सवय. पण बाबा कधी शेवटच्या रांगेत बसलेच नाहीत ना, त्यांचे कान डग्ग्यापासून दोन फुटांवर.

भाच्यानं स्वतः कापून दिलेल्या तुकड्याची भानगड आणखी वेगळी. सुरुवातीला जुळलेला, शेवटी दीड सेकंदाचा फरक, तिथं जे-के चा उपयोग नाही. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमरेट कमीजास्त करतो, एडिटरनं तो ठरलेला धरला की फरक साठत जातो. हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये कॉन्स्टंट (कायम एकच) फ्रेमरेट निवडून मूळ फाइल आधी सरळ केली आणि मग कापायला दिली. गेला फरक.

एवढं जमल्यावर हावरटपणा सुचला आणि २००६ च्या नाटकाची मिनीडीव्ही (कॅमेऱ्याची छोटी डिजिटल टेप) काढली, तासाला १३ जीबीची ती जुनी फायरवायर केबलनं घेतलेली फाइल, त्यात तबल्यावर बाबा स्वतः. बोटं हलली की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांची (फील्ड), एमपीव्हीत डी दाबलं की रेघा जातात, पण कायमच्या कॉपीसाठी बीडब्ल्यूडीआयएफ हा रेघा काढणारा फिल्टर वापरला आणि तिथं परत माती खाल्ली, डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं, मी वरचं आधी धरलं, तर बोटं दोन पावलं पुढं एक पाऊल मागं. बदललं, ५० फ्रेमची कॉपी आली, तरी किंचित धक्का. मॉनिटर ६० हर्ट्झवर होता, ५० वर केला (सगळे मॉनिटर घेत नाहीत, माझ्यानं घेतलं), आणि काय सांगू, बोटं अशी वाहायला लागली.

बाबांनी तो तुकडा तीनदा मागं घ्यायला लावला आणि म्हणाले तिसरी तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) चुकलीय, तेव्हा कोणाला कळलं नव्हतं, तू आता सगळ्यांना दाखवू नको.

राहिलेलं काम: त्याच नाटकाच्या तिसऱ्या अंकाच्या टेपवर पांढरी बुरशी दिसतेय. तशी कॅमेऱ्यात घातली तर हेडला लागून बाकीच्या टेपपण जातील, म्हणून सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवलीय. पाऊस संपल्यावर उघडीन.