‘काका, तुमचा एच-इंडेक्स किती?’

आपल्या शाळेच्या स्मरणिका समितीने मला ‘आपल्या संशोधनाची कामगिरी आकड्यांसह’ लिहायला सांगितली आहे. समितीतल्या अकरावीच्या मुलाने तर फोनवर सरळ विचारलं, “काका, तुमचा एच-इंडेक्स किती?” मी आकडा सांगितला. तो छापू नका. त्यामागचा हिशेब जास्त मजेचा आहे.

हर्श नावाच्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ही मोजपट्टी सुचवली. तुमच्या वीस संशोधन-पेपरांचा प्रत्येकी निदान वीस वेळा इतरांनी संदर्भ दिला असेल, तर तुमचा इंडेक्स वीस. हा आकडा वाढू शकतो, सहसा घटत नाही. त्यामुळे आमच्यासारखे म्हातारे त्यात उगाच भाव खाऊन जातात.

मी नागपुरात एमएस्सी केली, पुढे पुण्यात सेंद्रिय रसायनशास्त्रात रमलो. एका वनस्पतीतला गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत पायरीपायरीने बांधायला माझ्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या खपल्या. त्या पेपरला मोजकेच संदर्भ मिळाले. आणि त्याच वाटेवर अडलो म्हणून अल्कोहोलवर तात्पुरतं झाकण म्हणून बसवलेला सिलिल गट हलक्या हाताने उतरवायची एक रीत शोधली, तिचा दोन पानी पेपर लोक अजून उद्धृत करतात. माझे विद्यार्थी यावर चिडायचे. मला त्यात अन्याय दिसत नाही. बांधलेल्या रेणूला लोक दाद देतात, रीत मात्र रोज हाताशी लागते, पाना-पकडीसारखी.

अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ क्लार्क स्टिल यांचा १९७८ चा पेपर बघा. एकही नवा रेणू नाही, जेमतेम तीन पानं. सिलिकाची पूड भरलेल्या काचेच्या नळीवर, म्हणजे कॉलमवर, हवेचा दाब दिला की मिश्रणातले घटक दहा-पंधरा मिनिटांत वेगळे होतात, एवढंच त्यात सांगितलंय. कॉलमपाशी तासन् तास ताटकळलेल्या माणसालाच त्याची किंमत कळेल! जगात सर्वाधिक उद्धृत झालेला पेपरही असाच: प्रथिनं मोजायची लाउरी यांची रीत, १९५१ ची, तीन लाखांहून जास्त संदर्भ.

आपल्याकडचं उदाहरण हैदराबाद विद्यापीठाच्या बसवय्यांचं. कार्बनला कार्बन जोडणारी बेलिस-हिलमन अभिक्रिया १९७२ च्या एका जर्मन पेटंटात होती आणि बरीच वर्षं तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. बसवय्यांनी १९८० च्या दशकापासून ती हाती घेतली, पुढे तिच्यावर मोठे आढावा-लेख लिहिले. २००३ चा त्यांचा आढावा या विषयात शिरणारा जवळजवळ प्रत्येक जण उघडतो. आढाव्याला संदर्भ भरपूर मिळतात, कारण दहा मूळ पेपर शोधण्यापेक्षा एकाचं नाव टाकणं सोपं. आळस हाही संदर्भ वाढवतो, हे कुणी जाहीरपणे कबूल करत नाही.

आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ग्रिन्यार? १९०० साली त्याने कार्बनला कार्बन जोडायला वापरतात ते मॅग्नेशियमचं अभिकर्मक प्रसिद्ध केलं, १९१२ ला नोबेल मिळालं. आजही प्रयोगशाळांमध्ये ते रोज बनतं, पण त्याचा मूळ पेपर उद्धृत करायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. काम इतकं अंगवळणी पडलं की मोजणीतूनच निसटलं.

संदर्भ द्यायची सवय मला पीएच.डी.त लागली नाही, ती याच शाळेत लागली. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उसनं वाचन चालायचं. ब्युरेट (द्रव मोजून सोडायची तोटीची नळी) गळकी निघाली, वेळ संपली, तर शेजाऱ्याचं वाचन घ्या, पण खाली त्याचं नाव लिहा. नाव न लिहिता आकडा जुळलेला दिसला की अख्खं पान लाल शाईत. “बाप्पा, दुसऱ्याचं घेतलं तर घेतलं म्हणावं ना!” एवढंच बोलायचे. माझं नाव वर्गातल्या बऱ्याच जर्नलांत होतं, कारण माझी ब्युरेट गळत नसे. एच-इंडेक्स तेव्हा निघाला असता तर माझा बरा आला असता.

त्याच प्रयोगशाळेत सरांनी संत्र्याच्या सालींचं वाफेने ऊर्ध्वपातन करून दाखवलं होतं. वर तरंगलेल्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं एकच संयुग असतं, हे आम्हाला पुढे कॉलेजात कळलं. त्या दिवशी फक्त सगळा मजला घमघमला होता.

समितीतल्या त्या मुलाला माझा निरोप: जानेवारीत मी नागपुरात आहे. ऊर्ध्वपातनाचा काचेचा संच शाळेत शाबूत आहे का ते बघून कळव. नसेल तर मी घेऊन येतो, मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या टीएलसीच्या प्लेट्सही आणतो. सालींची सोय तेवढी तुम्ही करा.