म्यूट

रविवार, ९ मे २०२१. कोथरूड.

आज सुट्टी, तरी डोळे उघडल्याबरोबर हात लॅपटॉपकडे गेला. आधी तो सुरू करायचा, मग चहा. चौदा महिने हेच चाललंय. गेल्या वर्षी पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात ऑफिसातला मॉनिटर जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षाने घरी आणला, तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. पाडव्याच्याच दिवशी २१ दिवसांचा लॉकडाऊन सुरू झाला. यंदाचा पाडवाही घरातच गेला.

हिंजवडीहून परतताना वाकडला बस अडकली की किती वैतागायचे मी! पण त्या तासाभरात ऑफिस डोक्यातून उतरायचं. चांदणी चौक येईपर्यंत भाजी काय करायची, हे सुरू झालेलं असायचं. आता टेबलावरचा लॅपटॉप बाजूला सरकवते आणि तिथेच ताटं मांडते.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने.

मंगळवारच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या ऑनलाइन मीटिंगला, टीममधला एक मुलगा बोलला. लातूरला घरी गेलाय, तिथूनच काम करतो. एरवी म्यूटवर असतो. "माझं झालंय, टेस्टिंगला दिलंय," एवढंच म्हणाला. पण त्याच्या आवाजामागे एक संथ घरघर होती, आणि मध्येमध्ये फुस्स. हा आवाज मला पाठ आहे. काकांकडे एप्रिलभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता.

मी ओळखला आवाज. आणि विचारलं काय? "रिलीजला अडचण नाही ना?" तो "नाही" म्हणाला आणि पुन्हा म्यूट झाला. आम्ही नऊ जण, सगळ्यांचे कॅमेरे बंद. समोरासमोर असतो तर त्याचा चेहरा बघून मीच त्याला कॅन्टीनला घेऊन गेले असते.

परवा रात्री साडेअकराला पाहिलं, तो ऑनलाइनच. काल फोन केला. त्याचा पहिला प्रश्न: "ताई, काही राहिलं का माझ्याकडून?"

म्हटलं, "काही नाही रे. घरी कोण आजारी आहे?"

बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, बाबा. हॉस्पिटलने घरी सोडलं, बेड दुसऱ्याला हवा होता. ऑक्सिजन ९१-९२ च्या वर जात नाही. रात्री दर तासाला ऑक्सिमीटर लावतो. "झोप लागू नये म्हणून कामं उरकतो, ताई."

गेल्या पंधरवड्यात सगळ्यांत जास्त कामं त्याने संपवली होती. मी सगळ्यांना मेल पाठवून त्याचं कौतुक केलं होतं. ते आठवून काल रात्री जेवण गेलं नाही.

कंपनी दर बुधवारी संध्याकाळी ध्यानाचं ऑनलाइन सत्र ठेवते. ज्यांना उपयोग होतो त्यांना होवो. याला हवी होती रजा, आणि ती मागताना भीती न वाटणं. ते माझ्या हातात होतं. गेल्या सप्टेंबरात सरकारने मानसिक आधारासाठी सुरू केलेल्या 'किरण' हेल्पलाइनचा नंबर त्याला पाठवला, मराठीतही बोलता येतं म्हणून. तर म्हणाला, "बोलू कुठे? दोन खोल्या, बाबा शेजारीच असतात." शेवटी गच्चीवर जाऊन माझ्याशीच बोलला, चाळीस मिनिटं. कामाचा एक शब्द नाही. बाबांच्या दुकानाबद्दल, आईच्या रडण्याबद्दल.

दहा दिवसांची रजा मीच टाकली आणि मंजूर केली. त्याचं काम मी आणि आणखी एकाने वाटून घेतलं. रात्रीची पाळी आजपासून त्याची बहीणही करणार आहे.

आत्ता अकरा वाजलेत. त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेलाय.

उद्या आणखी दोघांना फोन करायचाय. त्यातली एक एप्रिलपासून स्टँडअपला "येस" आणि "डन" याखेरीज काही बोललेली नाही.