शून्य टेस्ट, तरी बिल्ड हिरवा

जेन्किन्स म्हणजे कोड आपोआप बांधून तपासणारं साधन. त्यातल्या आमच्या पाइपलाइनमध्ये, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या टप्प्यांत, एखादी टेस्ट पडली की सगळं तिथंच थांबायचं. रिपोर्टचा टप्पा त्यानंतरचा, तो चालायचाच नाही. मग कुठल्या टेस्ट पडल्या ते शोधायला टेस्टर मंडळींनी लॉग उपसत बसायचं. म्हणून टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या कमांडच्या शेवटी मी ‘|| ट्रू’ जोडलं, म्हणजे कमांड फसली तरी ती यशस्वीच धरली जाते. शिवाय काही प्रोजेक्टांत अजून टेस्टच नव्हत्या, त्यासाठी रिपोर्ट रिकामा असला तरी चालेल अशी सूटही देऊन ठेवली. रिपोर्ट यायला लागले, सगळे खूश.

दोनेक महिन्यांनी शुक्रवारी दुपारी टेस्टरचा फोन आला. “अगं, आजच्या रिपोर्टमध्ये एकही टेस्ट नाहीये. कालच्यातही नव्हती.”

लॉग उघडला. जिथं टेस्टच्या ओळी धो धो वाहायच्या, तिथं एकच ओळ: ‘पायटेस्ट: नॉट फाउंड’. चार दिवसांपूर्वी बिल्डची डॉकर इमेज, म्हणजे बिल्ड ज्यात चालतो तो प्रोग्रॅमांसकटचा तयार साचा, बदलली होती आणि नव्या इमेजमध्ये पायटेस्ट नव्हतंच. कमांड चालवणाऱ्या शेलने इमानदारीत १२७ हा आकडा परत केला होता; शून्य म्हणजे यश, बाकी काहीही म्हणजे चूक. माझ्या ‘|| ट्रू’ने त्याचा शून्य केला, आणि बिल्ड हिरवागार. त्या चार दिवसांत दोन रिलीज ग्राहकाकडे गेले होते. एकात कराची रक्कम चुकीची राउंड होत होती. ती चूक पकडणारी टेस्ट आमच्याकडे होती, पण चालली नव्हती. ग्राहकाला फोन करून हे सांगताना माझा घसा कोरडा पडला होता.

रिलीज मागे घेतला आणि संध्याकाळी पाइपलाइन दुरुस्त करायला बसले. टेस्ट पडली तरी पुढं जायचं, हा हेतू मला आजही बरोबरच वाटतो. चुकलं ते एवढंच, की परत आलेला आकडा मी वाचलाच नाही. पायटेस्ट १ देतं तेव्हा टेस्ट चालून काही पडलेल्या असतात. ५ म्हणजे टेस्ट सापडल्याच नाहीत. १२७ म्हणजे कमांडच नाही. आता जेन्किन्सच्या ‘रिटर्नस्टेटस’ या पर्यायाने तो आकडा हातात घेते. १ आला तर ‘अनस्टेबल’: बिल्ड पिवळा, रिपोर्ट निघतो, डिप्लॉय, म्हणजे कोड पुढं पाठवणं, मात्र होत नाही. शून्य आणि १ सोडून काहीही आलं की लाल, आणि तिथंच थांब. रिकाम्या रिपोर्टची सूट काढून टाकली. ज्यांच्यावर रिलीज अडू नये अशा डॉक्युमेंटेशनमधल्या लिंका तपासण्यासारख्या टप्प्यांनाच चूक झेलणारा ‘कॅचएरर’ लावला. तिथं टप्पा लाल दिसतो, पण गाडी पुढं जाते.

घरी निघण्याआधी सगळ्या पाइपलाइनमध्ये ‘|| ट्रू’ शोधलं. अकरा ठिकाणी सापडलं. त्यातलं एक डेटाबेसच्या बॅकअपच्या कमांडच्या शेवटी होतं. ते काढलं, बॅकअप हातानं चालवला, आणि तो पुरा होईपर्यंत स्क्रीनसमोरून उठले नाही.