आधी हाड कुठंय ते बघा

माळेगावच्या यात्रेत घोडं घ्यायला आलेला माणूस काय काय बघत नाही! भोवरे बघतो, गोम कुठं आहे ते बघतो, देवमण म्हणजे शुभ भोवरा सापडला की खूश होतो. दात उघडून वय काढतो, चाल काढून बघतो. पाय उचलून तळवा बघणारा मात्र विरळा. आणि जो बघतो तोही खूर चकचकीत, गोल आहे ना, एवढंच. सगळं वजन ज्या हाडावर येतं ते त्या खुराच्या आत कुठं बसलंय, हा प्रश्न पैसे मोजताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

मी उदगीरला पशुवैद्यकी शिकले. आता लोहा-कंधार पट्ट्यात गाई-म्हशींची कामं करते, मधूनमधून वरातीच्या घोड्या. खुरांचं वेड लागलं ते कॉलेजातल्या शरीररचनेच्या टेबलावर. मेलेल्या घोड्याचा पाय करवतीने उभा मधोमध चिरून ठेवलेला होता. खूर म्हणजे एक भरीव ठोकळा, अशीच माझी तोवर समजूत. प्रत्यक्षात हाड पुढच्या अर्ध्यातच. पाचरीसारखं, टोक पुढे आणि खाली. मागच्या अर्ध्यात खाली हाडच नाही. तिथे चिवट, तंतुमय गादी आणि तिच्या दोन्ही बाजूंना कूर्चा. घोडं चालतं तेव्हा आधी टाच टेकायला हवी, म्हणजे दणका त्या गादीवर जातो. तो झेलायलाच ती आहे.

त्याहून नवल वाटलं ते हाड खुराच्या बाहेरच्या टणक कवचाला धरून कसं राहतं याचं. कवचाच्या आतून उभ्या पातळ पापुद्र्यांच्या ओळी असतात, 550 ते 600. हाडावरच्या जिवंत त्वचेलाही तशाच. दोन वह्यांची पानं एकात एक घालावीत तसे ते एकमेकांत गुंतलेले. घोड्याचं हाड या गुंत्याला टांगलेलं असतं. कवच पुढे ताणलं गेलं की ही पकड सैल होते, आणि मग हाड खाली सरकायला वाव मिळतो.

आषाढ सरताना एका वरातवाल्या काकांच्या घोडीची नाल काढली. पांढरी, गुलाबी नाकाची, स्वभावाने गरीब. हंगामभर डीजेमागे डांबरावर उभी. पुढच्या खुरांची टोकं लांबलेली, टाचा पुढे घसरून आलेल्या, कवचावर आडव्या वळ्या. काकांनी पाय धरला आणि म्हणाले, "ताई, तळवा चांगला खरडून काढा, स्वच्छ दिसला पाहिजे."

मी आधी माती काढली. तळव्याच्या मधोमध जो त्रिकोणी रबरी भाग असतो, फ्रॉग म्हणतात त्याला, त्याच्या दोन्ही बाजूंना चर असतात. फ्रॉगच्या टोकापाशी कानस आडवी ठेवून चराची खोली मोजली. बारा मिलिमीटर. या ठिकाणी चराच्या तळापासून आतलं हाड साधारण एक सेंटिमीटरवर असतं, खूर लांब असो की आखूड. त्यामुळे चर खोल असला तर हाडाखाली तळवा भरपूर आहे असं समजायचं. अठरा-वीस मिलिमीटर भरला असता तर मी निर्धास्त झाले असते. बारा म्हणजे तळवा पातळ. खरडायचा प्रश्नच नव्हता.

"काढा की अजून, सगळं तसंच दिसायलंय," काका म्हणाले.

"काका, ते तसंच राहू द्यायचं. हाडाखालची ढाल आहे ती, मळ नाही."

खरडल्याने तळवा स्वच्छ दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी घोडी खडीवर पाय टाकत नाही. मग लोक म्हणतात, बघा, नालेशिवाय घोडं चालत नाही.

काम करायचं होतं ते कवचावर. केसांच्या कडेखालचं पहिलं दोन-अडीच सेंटिमीटर कवच नवीन असतं, ते हाडाला समांतर उतरतं. त्यावर छोटी पट्टी ठेवून ती रेघ डोळ्याने जमिनीपर्यंत नेली. या घोडीचं कवच अर्ध्यात ती रेघ सोडून पुढे पळालं होतं. रेघेच्या पुढे जे काही आहे त्यात हाड नाही. पावलागणिक तिथे तरफ बसते आणि पापुद्रे ओढले जातात. तळव्याच्या कडेची पांढरी रेघ (असते पिवळसरच) रुंद झालेली होती, तीही हेच सांगत होती. म्हणून कानस पुढून आणि बाहेरून चालवली, खालची कड गोलाकार उतरवली. तळव्याला हात लावला नाही. फ्रॉगच्या सुट्या चिंध्या तेवढ्या काढल्या.

टाचा मात्र एका दमात उतरवायच्या नसतात. टाच खाली आली की हाडाला मागून येऊन चिकटलेला खोलातला मोठा स्नायुबंध ताणला जातो. थोडं आज, थोडं चार-पाच आठवड्यांनी. काकांना हे पटायला वेळ लागला. पैसे दिलेत तर काम एकदाच पूर्ण व्हावं असं त्यांना वाटत होतं. त्यात चूक काही नाही म्हणा.

चातुर्मास या कामाला देवानेच नेमून दिलाय. लग्नं नाहीत, वराती नाहीत. कवच महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतं. चार महिन्यांत तीनेक सेंटिमीटर. टाचा जवळजवळ नव्या होतात. पुढचं टोक पूर्ण बदलायला मात्र नऊ महिने ते वर्ष जातं.

अडचण आपल्या काळ्या मातीची. पावसाळ्यात ती चरांत घट्ट बसते, खूर मऊ पडतं, फ्रॉग सडून काळा, घाण वासाचा पातळ चिकटा निघतो. त्यासाठी घोडीला उभं राहायला कोरडी जागा हवीच. मुरमाची एक ट्रॉली टाका, वर बारीक गोटे पसरा, असं मी सांगते. ग्रीक सेनानी झेनोफॉनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हेच सुचवलंय: चार-पाच गाड्या वाटोळे दगड पसरा आणि खरारा करताना घोडं त्यावर उभं करा. खिळ्यांच्या नाला त्याच्या घोड्यांना नव्हत्या. काकांचं म्हणणं, शेजारी विचारतील घोडीला दगडावर का उभं केलंय. विचारू द्या.

आणि खाणं. काम नाही तर भिजवलेला हरभरा, ज्वारी, गूळ कमी करा, कडबा द्या. रिकामी बसलेली घोडी आणि भरपूर दाणा, यातून पापुद्र्यांना सूज येते. मग ती पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभी राहते. तिथवर गेलं की कानस काही करू शकत नाही एकटी. वळ्या होत्या म्हणून मला तिच्या दाण्याची शंका आलीच होती; लग्नघरी जो तो तिला काहीतरी चारतो.

आमच्याकडचे नालबंद चाचा हे सगळं ऐकून घेतात. पाय गुडघ्यांत धरायची त्यांची पद्धत मला अजून जमलेली नाही. घोडं त्यांच्या हाताखाली मुकाट उभं राहतं. पण बाजारात मिळणारी तयार नाल आणि त्यात बसेल असं खूर, असा बहुतेकांचा हिशेब असतो, चाचाही त्यातलेच. तुळशीच्या लग्नानंतर काका नाल ठोकणार, हे मला माहीत आहे; डांबरावर रात्र रात्र उभं राहायचं तर त्यांना नाही म्हणणारी मी कोण? एवढंच ठरवलंय की नाल मी आखलेल्या रेघेवर बसवायची, पुढचं टोक वाढू देऊन नाही.

"तू रेघ मार बेटा, मी ठोकतो," चाचा म्हणाले. "पण घोडी लंगडली तर नाव तुझं."

कबूल केलं.