ट्रिंकाजमधल्या दोन रात्री

कोलकात्यातल्या हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातून आम्ही दोघी बहिणी संध्याकाळी बाहेर पडत होतो. दारापाशी पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "आज कुठं स्वारी?"

"पार्क स्ट्रीटला. ट्रिंकाजमध्ये."

"जेवायला की ऐकायला?"

"दोन्हीला," धाकटी म्हणाली.

आजोबांनी पेपर खाली ठेवला. "मग स्टेजजवळचं टेबल मागा. लांब बसलात तर नुसतं जेवण होतं."

कोलकात्याला यायचं मुळात ठरलं ते बाबांमुळे. बाबा सोलापुरात दिवसा गिरणीत कामाला होते आणि रात्री ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस आणि लग्नसराई सोडली तर अ‍ॅकॉर्डियन कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. कार्यक्रम झाला की पाकीट मिळायचं, कधी मिळायचंही नाही. एकदा तुळजापूरच्या बाजूला एका लग्नात रात्री दोनपर्यंत वाजवून बाबा मोकळ्या हातानं घरी आले. "पुढच्या वेळी एकदम देतो," असं त्यांना सांगितलं होतं. ती पुढची वेळ आली नाही. आईनं त्या रात्री काही विचारलं नाही, फक्त ताट वाढलं. मी तेव्हा सातवीत होते आणि मला ते ताट अजून दिसतं.

बाबांचे आवडते वादक व्ही. बालसारा. मुंबईचे पारशी. १९५४ साली कोलकात्याला गेले आणि तिथलेच होऊन राहिले. त्यांच्यामुळे बाबांच्या मनात त्या शहराचं एक चित्र होतं. म्हणायचे, "तिकडं पार्क स्ट्रीट म्हणून रस्ता आहे. हॉटेलात लोक जेवतात आणि समोर बँड वाजतो. रोज. वाजवणाऱ्याला रोज काम." 'रोज' या शब्दावर त्यांचा आवाज जरा खाली यायचा. बाबा कोलकात्याला कधी गेले नाहीत. ते जाऊन दोन वर्षं झाली, आणि या जानेवारीत आम्ही दोघींनी तिकिटं काढली.

जतिन दास पार्कहून मेट्रोनं पार्क स्ट्रीट हे चौथं स्टेशन. भारतातली पहिली मेट्रो १९८४ साली धावली ती याच पट्ट्यात. वर आलो तर नाताळची रोषणाई अजून पूर्ण उतरवलेली नव्हती. रस्त्याचं सरकारी नाव आता मदर तेरेसा सरणी आहे, पण टॅक्सीवाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळे पार्क स्ट्रीटच म्हणतात. फुटपाथवर जुनी पुस्तकं, काठी रोलचा वास, आणि दोन्ही बाजूंना हॉटेलांची नावं, जी मी बाबांच्या तोंडून ऐकली होती: फ्लुरीज, मोकॅम्बो, मूलाँ रूज. फ्लुरीजच्या समोरच्या बाजूला ट्रिंकाज.

ही समोरासमोरची बैठक उगाच नाही. १९२७ साली फ्लुरी आणि ट्रिंका या दोन स्विस कुटुंबांनी मिळून चहा-केकचं दुकान काढलं. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, आणि १९३९ मध्ये ट्रिंकांनी रस्ता ओलांडून आपलं वेगळं टी-रूम थाटलं. १९५९ मध्ये ते ओमप्रकाश पुरी आणि एलिस जोशुआ या दोघांनी घेतलं. टी-रूमचं रेस्टॉरंट झालं आणि कोपऱ्यात स्टेज आलं. आज पुरींची तिसरी पिढी ते चालवते.

आम्ही स्टेजजवळचं टेबल मागितलं. वेटर साठीच्या पुढचे, पांढरा कोट, हातात पेन. "दीदी, गाणं साडेआठला जोरात सुरू होईल. बोलायचं असेल तर मागे बसा, ऐकायचं असेल तर इथं." आम्ही तिथंच बसलो. स्टेज म्हणजे जेमतेम वीतभर उंचीचं. ड्रमवाला, बेसवाला, गिटार, कीबोर्ड, आणि पुढे गाणारी बाई, साधारण चाळिशीची. आमचं टेबल आणि तिचा माइक यांच्यात तीन पावलं असतील. सोलापूरच्या पार्क मैदानावर बाबांचा ऑर्केस्ट्रा आम्ही शंभर हातांवरून ऐकायचो. वाजवणाऱ्याचा घाम दिसेल इतक्या जवळून गाणं ऐकण्याची ही माझी पहिलीच वेळ.

बेसवाल्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, कधीतरी मोडून तशीच जुळलेली. ती तारेवर पडायची तेव्हा इतर बोटांपेक्षा थोडी आडवी पडायची, पण सूर बरोबर लागायचा. गाणं संपलं की तो ती करंगळी दुसऱ्या हातानं दाबून ठेवायचा आणि मान वर न करता पुढच्या गाण्याची वाट बघायचा.

पंचावन्न वर्षांपूर्वी याच ठिकाणी उषा अय्यर गात होती, हे मला सारखं आठवत होतं. आपल्या मुंबईची मुलगी, वडील मुंबई पोलिसांत. मद्रासच्या 'नाइन जेम्स'मध्ये गाऊन ती १९६९ साली इथं आली. तेव्हा नाइटक्लबात गाणाऱ्या मुलींना 'क्रूनर' म्हणत आणि त्या गाऊन घालत. ही कांजीवरम साडी नेसून, केसांत गजरा माळून उभी राहिली आणि त्या भरदार आवाजात इंग्रजी गाणी म्हणू लागली. गाण्याच्या जागी घरच्या बायकामुलांना घेऊन जावं की नाही, याचा विचार करणारी मंडळी मग कुटुंबासह यायला लागली. जानी उथुप तिला इथंच भेटले. ती उषा उथुप झाली, कोलकात्याचीच झाली, आणि तिच्या कपाळावरच्या टिकलीवर बंगाली 'क' आला. २०२४ मध्ये तिला पद्मभूषण मिळालं तेव्हा आमच्या घरी आईनं साखर वाटली होती, बाबांच्या वतीनं.

तो काळच तसा होता. या एका रस्त्यावर एकाच वेळी कितीतरी बँड वाजत. मोकॅम्बोत पॅम क्रेन गायची. ब्लू फॉक्समध्ये सत्तरच्या दशकात लुई बँक्स पियानोवर असायचे आणि त्यांच्यासोबत गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोनवर. ट्रिंकाजमध्ये बिद्दू आपल्या 'ट्रोजन्स' बँडबरोबर वाजवून गेला. पुढे इंग्लंडला जाऊन नाझिया हसनचा आवाज घराघरांत पोचवणारा तोच बिद्दू. आणि रविवारी सकाळी कॉलेजातली पोरं जमायची ती 'जॅम सेशन'ला. दारू नाही, कॉफीचा एक कप आणि दुपारपर्यंत नाच.

मग ते ओसरलं. नक्षलवादी चळवळीचे दिवस आले, तासन्‌तास वीज जाऊ लागली, गाणं ठेवणाऱ्या हॉटेलांवर करमणूक कराचा बोजा पडला. ज्या अँग्लो-इंडियन घरांतून वादक आणि गायिका येत, ती घरं ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंडला निघून गेली. नुसतं जेवण वाढण्यात नफा होता आणि बँड ठेवण्यात खर्च. एकेका ठिकाणचं स्टेज उतरलं. ब्लू फॉक्स गेलं, स्काय रूम १९९३ साली बंद झालं. ट्रिंकाजनं स्टेज उतरवलं नाही. माझ्या लेखी या जागेची सगळ्यात मोठी कमाई हीच. मोठी नावं चांगल्या दिवसांत कुणाकडेही येतात. चार टेबलं भरलेली असताना, पंखा बंद असताना ड्रमवाल्याला "उद्या ये" म्हणणं अवघड असतं. भिंतींवर जुने फोटो आणि जाहिराती लावल्या आहेत. पुरी कुटुंब हे सगळं जमवतंय, लोकांच्या आठवणींसकट. त्या फोटोंत गाणाऱ्यांच्या मागे बसलेले वादकही दिसतात, हे बघून मला बरं वाटलं. आमच्याकडे बाबांचा स्टेजवरचा एकच फोटो आहे आणि त्यात त्यांचा अर्धा चेहरा गायकाच्या खांद्यानं झाकला आहे.

जेवण मागवलं. चिकन आ ला किएव्ह. वेटरदादांनी बशी ठेवली आणि काटा स्वतः हातात घेतला. "दीदी, आधी टोचायचं, मग कापायचं. नाहीतर लोणी साडीवर." त्यांनी टोचलं. आतून वितळलेलं लोणी सावकाश बाहेर आलं आणि बशीभर पसरलं. धाकटीनं भेटकी माशाचा तुकडा घेतला होता, वर पांढरा सॉस. पुण्यामुंबईत हे पदार्थ आता कुणी मनापासून करत नाही. इथं अजून तसेच करतात.

साडेआठनंतर जागा भरत गेली आणि मग मला कळलं की इथले निम्मे लोक एकमेकांना ओळखतात. उजवीकडे ऑफिसातल्या आठ-दहा जणांचं टेबल, त्यातल्या एकाची निवृत्ती. मागे एक अँग्लो-इंडियन कुटुंब: आजी, तिची मुलगी, आणि मेलबर्नहून सुट्टीला आलेला नातू. आजी गायिकेला नावानं हाक मारत होती आणि गायिका दोन गाण्यांच्या मधे येऊन तिच्या गालाला गाल लावून गेली. कोपऱ्यात एक बंगाली जोडपं, सत्तरीचं, न बोलता जेवत होतं. एक संथ इंग्रजी गाणं लागलं तसे काका उठले, खुर्ची नीट आत सरकवली, काकूंपुढे हात केला. दोघं टेबलांमधल्या त्या अरुंद वाटेत नाचले. वेटर ताटं घेऊन त्यांच्याभोवतीनं वळसा घालून जात होते, कुणी "जरा बाजूला" म्हटलं नाही. गाणं संपल्यावर काकूंनी पुन्हा चमचा उचलला. वेटरदादा हळूच म्हणाले, "दर महिन्याला येतात. यांचं लग्न ठरलं ते इथंच."

वाढदिवसांची नावं माइकवरून वाचली गेली. निवृत्त होणाऱ्या गृहस्थांसाठी हिंदी गाणी सुरू झाली आणि सगळं टेबल गाऊ लागलं. फर्माईश करायची तर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून वेटरकडे द्यायची. धाकटी बराच वेळ पेन हातात धरून बसली होती. शेवटी तिनं लिहिलं. शंकर-जयकिशनचं एक गाणं, बाबांचं हुकमी. खाली एक ओळ: "मधला अ‍ॅकॉर्डियनचा तुकडा पूर्ण वाजवाल का? आमचे वडील वाजवायचे."

चिठ्ठी कीबोर्डवाल्याकडे गेली. त्यानं चष्मा वर करून वाचली, आमच्याकडे बघितलं आणि बटणं दाबून अ‍ॅकॉर्डियनचा आवाज लावला. गाणं सुरू झालं. मधला तुकडा आला आणि चार मात्रांनंतर त्याचा हात अडखळला. पुढचं त्याला येत नव्हतं. त्यानं साधे स्वर धरून वेळ निभावून नेली. लोकांच्या लक्षातही आलं नसेल. धाकटीची बोटं मात्र टेबलक्लॉथवर चालत होती, बाबांची चालायची तशी, आणि ती पूर्ण तुकडा संपेपर्यंत थांबली नाहीत.

मध्यंतरात तो आमच्या टेबलापाशी आला. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. "दीदी, चुकलं माझ्याकडून," तो हिंदीत म्हणाला. "वडील कुठं वाजवायचे?"

"सोलापूर. महाराष्ट्रात."

"कुठल्या हॉटेलात?"

"हॉटेलात नाही. लग्नात, गणपतीत."

त्यानं मान हलवली. त्याला ते समजलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाला, "उद्या याल? आज रात्री बसवतो. उद्या पूर्ण वाजवीन."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशीची आमची शांतिनिकेतनची तिकिटं होती. मी म्हटलं, "येतो."

"मी असेनच," तो म्हणाला आणि पाणी पिऊन परत स्टेजवर गेला.

परतीच्या मेट्रोत धाकटी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, बाबांना असं कधी म्हणता आलं असतं का गं? उद्या या, मी असेनच."

दुसऱ्या दिवशी तिकिटं रद्द केली. सकाळ साउथ पार्क स्ट्रीटच्या जुन्या कब्रस्तानात घालवली, १७६७ सालचं, संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स आणि कवी डिरोझिओ तिथं आहेत. झाडी दाट, थडगी मंदिराच्या शिखरांएवढी. त्यावर वेगळं लिहीन. दुपारी नोलेन गुडाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे, संदेश खाल्ले आणि साडेसात वाजता पुन्हा ट्रिंकाजच्या दारात.

वेटरदादांनी विचारलं नाही, थेट त्याच टेबलाकडे नेलं. तिथं 'राखीव'ची पाटी होती. बँड जागेवर होता. बेसवाला करंगळी दाबत बसला होता. कीबोर्डवाल्यानं आम्हाला पाहिलं, हात वर केला नाही, हसलाही नाही. स्टँडवर एक वहीचं पान चिकटवलेलं होतं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलेले स्वर, दोन ठिकाणी खोडलेले.

तिसरंच गाणं आमचं. धाकटीनं मोबाइल काढला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. सोलापुरात आई स्वयंपाकघरात होती, मागे कुकर दिसत होता. तुकडा आला. चार मात्रा गेल्या, पाचवी गेली. तो अडखळला नाही. शेवटची उतरती सरगम बाबा जरा ओढून घ्यायचे, हा सरळ उतरला, तेवढाच फरक. आईनं गॅस बंद केला आणि पदरानं हात पुसत ओट्याला टेकून उभी राहिली.

"आवाज वाढव गं," ती म्हणाली.